गाडीतल्या दिव्यांना बटण कोणतं? भंगारातलं, नवं रॉकर की रिमोटचा किट

खालच्या मॉडेलची गाडी घेतली की डॅशबोर्डवर एक-दोन कोरी झाकणं दिसतात. वरच्या मॉडेलला तिथे फॉग लॅम्पचं बटण असतं, आपल्याला नुसतं प्लॅस्टिक. पायापाशी मंद एलईडी लावायचे ठरले की नजर आधी त्या झाकणावरच जाते, आणि ते बरोबरच आहे. त्याच गाडीचं जुनं बटण कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात शोधलं तर सापडतं. खाचेत ते असं बसतं की कारखान्यातूनच आल्यासारखं वाटावं. मी स्वतः हेच केलं आणि अजूनही त्याच बाजूने आहे. पण प्रत्येक गाडीला आणि प्रत्येक माणसाला ते जमेलच असं नाही, म्हणून इतर वाटांशी ताडून सांगतो.

आधी दिवे किती करंट ओढतात ते बघा. ५०५० जातीच्या, मीटरला ६० एलईडी असलेल्या पट्टीला १२ व्होल्टवर मीटरमागे साधारण १४.४ वॅट, म्हणजे १.२ अँपिअर लागतात. चार जागी ३०-३० सेंटिमीटरचे तुकडे लावले तर एकूण दीड अँपिअरच्या आसपास. आकडा लहान आहे. पण बऱ्याच गाड्यांत फॉग लॅम्पचं बटण दिव्यांचा पूर्ण करंट वाहत नाही, ते फक्त रिलेची (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचची) कॉइल ओढतं. कॉइलला ०.१५ अँपिअर पुरतात. त्या अंदाजाने बनवलेल्या बारीक संपर्कातून दहापट करंट रोज सोडला तर कधी ना कधी तो काळा पडणारच. बटणाच्या अंगावर ‘१२ व्होल्ट, १० अँपिअर’ असं कोरलेलं असेल तर थेट जोडणी चालते, रिलेची गरज नाही. काहीच कोरलेलं नसेल तर मी थेट जोडणार नाही.

रिले जोडला की बटण कितीही नाजूक असलं तरी काळजी मिटते. चार पायांचा साधा गाडीचा रिले घ्या. ३० नंबरला फ्यूजमधून आलेला प्लस, ८७ वरून पट्टीचा प्लस, ८६ ला बटणाकडून येणारी वायर आणि ८५ बॉडी अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला. कॉइल बंद होताना उलटा झटका मारते आणि तो बटणाच्या संपर्काला खातो, म्हणून ८५-८६ वर १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) लावा, त्याच्या अंगावरचा पट्टा ८६ कडे. आत डायोड असलेला रिले मिळाला तर उत्तमच, फक्त मग ८५ आणि ८६ यांची अदलाबदल करायची नाही. तोटा म्हटला तर दोन: चालू-बंद करताना ‘टक्’ आवाज येतो आणि डॅशबोर्डखाली त्याला जागा शोधावी लागते. मला तो आवाज उलट आवडतो.

भंगारातून बटण उचलताना मात्र डोळे उघडे हवेत. दाबलं की आत राहणारं हवं. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एकदा दाबून सोडा. बीप टिकला तर कामाचं, बोट काढताच गेला तर तो क्षणिक संपर्क. मागच्या काचेच्या डिफॉगरची (काचेवरची वाफ घालवणाऱ्या हीटरची) बटणं पुष्कळदा क्षणिक निघतात, कारण त्यांच्यामागे टायमर असतो. असं बटण वापरायचं तर प्रत्येक दाबाला स्थिती बदलणारा वेगळा लॅचिंग रिले लागतो आणि सोपं काम अवघड होतं. हेडलॅम्प खाली-वर करण्याचं चक्र तर बटणच नव्हे. पॉवर विंडोचं बटण अजिबात घेऊ नका. ते दिसतं दणकट, पण बहुतेक गाड्यांत हात न लावता त्याच्या मोटरकडच्या दोन्ही तारा अर्थला जोडलेल्या असतात. समजून न घेता प्लस लावलात तर थेट शॉर्ट.

आणखी एक मोह असतो. झाकण काढल्यावर मागे कंपनीचा कपलर (तारांचा प्लग) आधीच लोंबत असेल तर बटण त्यातच खोचावंसं वाटतं. नव्या गाड्यांत त्या तारा बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडे (दिवे, काचा वगैरे सांभाळणाऱ्या गाडीच्या कॉम्प्युटरकडे) जातात आणि तिथे फक्त सिग्नल असतो. त्यातून दिव्यांना सप्लाय ओढायचा प्रयत्न केला तर नुकसान मॉड्यूलचं. कपलर टेप मारून बाजूला बांधा आणि आपलं बटण स्वतंत्र वायरिंगवर चालवा.

आता नवं रॉकर बटण, म्हणजे एका बाजूला दाबलं की चालू आणि दुसऱ्या बाजूला दाबलं की बंद होणारं. इलेक्ट्रिकलच्या कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतं, करंटचा आकडा अंगावर छापलेला असतो, आत राहणारं असतं, सूचक दिवाही मिळतो. वायरिंगच्या दृष्टीने हे सगळ्यात सरळ. अडचण एकच, पण मोठी: भोक पाडावं लागतं. झाकणाला पाडलंत तर ठीक, शंभर-दोनशे रुपयांत दुसरं झाकण येईल. डॅशबोर्डला पाडलंत तर ते कायमचं. माझा सल्ला असा की झाकणात बसण्याएवढं छोटं रॉकर मिळत असेल तरच हा मार्ग धरा.

रिमोट किंवा मोबाइलवर चालणारा किट लायटर सॉकेटमध्ये खोचला की झालं. एकही तार कापावी लागत नाही, म्हणून गाडी वॉरंटीत असेल, कंपनीने दिलेली असेल किंवा वर्षभरात विकायची असेल तर मी दुसरं काही सुचवणार नाही. कापलेली तार दिसली की वॉरंटीचा दावा अडू शकतो. पण चालवताना दिवे बंद करायला रिमोट शोधायचा किंवा मोबाइल उघडायचा, हे मला पटत नाही. समोरच्या काचेत अचानक प्रतिबिंब त्रास देऊ लागलं तर न बघता बोट जाईल असं बटणच हवं. शिवाय सॉकेट किल्लीने बंद होत नसेल तर किट थोडा थोडा करंट ओढत राहतो.

तुम्ही बटण कुठलंही घ्या, सप्लाय कुठून घेताय यावर खरं यश-अपयश ठरतं. कायम चालू असलेल्या लाइनवरून घेतला आणि दिवे दहा तास विसरलात तर पंधरा अँपिअर-तास गेले. लहान हॅचबॅकची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची असते, आणि ती जुनी असेल तर सकाळी धक्का मारायची तयारी ठेवा. म्हणून किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या लाइनवरून, फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून वेगळी वायर काढून देणारा जोड) लावून सप्लाय घ्या आणि त्यात ३ अँपिअरचा फ्यूज टाका. वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची पुरे. कॉइलचा प्लस पार्किंग लाइटच्या लाइनवरून बटणातून आणला तर आणखी छान: गाडीचे दिवे लागलेले असतील तेव्हाच आतले लागतील आणि बटण फक्त नको तेव्हा बंद करायला राहील.

माझ्या आधीच्या गाडीत एका दुकानात तारा नुसत्या पिळून टेप मारली होती. मे महिन्यात टेपचा डिंक वितळला, सांधा बॉडीला टेकला, फ्यूज गेला आणि त्याच फ्यूजवरचा केबिन लॅम्प आणि म्युझिक सिस्टिम रात्रीच्या घाटात बंद पडली. त्या दिवसापासून प्रत्येक सांधा क्रिम्प करून (धातूच्या नळीत पकडीने दाबून) त्यावर उष्णतेने आकसणारी स्लीव्ह, असाच माझा आग्रह आहे. पट्टीमागच्या चिकटपट्टीवरही विश्वास ठेवू नका, उन्हात ती सुटते. पेडलजवळ लोंबणारी पट्टी ब्रेकच्या आड येऊ शकते. तिला क्लिप किंवा केबल टाय हवाच. पिवळ्या कपलरच्या तारा एअरबॅगच्या असतात, त्यांच्या जवळपासही टेस्ट लॅम्प नेऊ नका.

पट्टी घेताना लोक एक गोष्ट हिशेबात धरत नाहीत. ‘१२ व्होल्ट’ लिहिलेली पट्टी इंजिन चालू असताना १४ व्होल्टच्या वर चालते. पांढऱ्या पट्टीत तीन एलईडी एकापाठोपाठ असतात, मिळून साधारण ९.६ व्होल्ट त्यांचे. १२ व्होल्टला रेझिस्टरवर २.४ उरतात, १४.४ ला ४.८. म्हणजे करंट दुपटीच्या जवळ जातो, पट्टी तापते आणि काही महिन्यांत एकेक तुकडा विझू लागतो. छोटा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारं सर्किट) ११ व्होल्टवर लावून मध्ये टाका. उजेड कमी होतो, पण रात्री गाडीत तेवढाच हवा असतो. रंगही निळा नको, रात्री डोळ्यांवर येतो; पिवळसर किंवा मंद लाल बरा. मात्र लाल असेल तर तो पुढच्या काचेतून बाहेर दिसणार नाही अशा खाली जागी लावा.

तर जुनी, वॉरंटी संपलेली गाडी आणि हाताशी मल्टिमीटर असेल तर कंपनीचं जुनं बटण आणि रिले. जुळणारं बटण दोन-तीन फेऱ्यांत मिळालं नाही तर कोऱ्या झाकणात रॉकर. वॉरंटीतल्या गाडीला किट. बटण विकत घेण्याआधी आपल्या गाडीचं झाकण काढून खिशात टाका आणि दुकानात त्याच्या मागच्या खाचा बटणाशी जुळवून बघा. एकाच गाडीच्या दोन वर्षांच्या मॉडेलांतही त्या वेगळ्या निघू शकतात.