आभाळातून गॅसची गळती बघायच्या दोन फुकटच्या साइट, वापरून सांगायलोय

मावसभाऊ आखातात तेलाच्या फील्डवर कामाला आहे. आखितीला गावी आला तर म्हणला, फ्लेअर, म्हणजे जादाचा गॅस जाळायची ज्योत, पेटलेला असला की टेन्शन नसतं, ज्योत विझली अन गॅस तसाच सुटायला लागला की खरी बोंब, डोळ्याला तर काहीच दिसत नाही. तेव्हापासून लातूरात बसून हे दोन्ही बघायलोय, युरोपवाल्यांचं कोपर्निकस ब्राउजर अन कार्बन मॅपर नावाच्या संस्थेचं पोर्टल.

कोपर्निकसमधे सेंटिनेल-५पी निवडायचं, मिथेनचा (नैसर्गिक गॅसमधे मुख्य हाच) लेयर लावायचा, तारीख टाकायची, झालं. २०१७ ला सोडलेला उपग्रह, जवळपास अख्खी पृथ्वी रोज बघतो. पण मिथेनचा एक ठिपका साडेपाच बाय सात किलोमीटरचा, म्हणजे आमचं गाव, शिवार अन शेजारचं गाव मिळून एकच रंग! कोणत्या विहिरीचा गॅस ते विसराच. अन हा वरून जातो दुपारी दीडच्या आसपास, रात्री वॉल्व्ह उघडला तर त्याला काय पत्ता. ढग असले की नकाशा कोरा. जुलैत आपल्याकडं बघितलं तर सगळं पांढरं, खाली थेंब नाही अन वर आभाळ भरलेलं, आपलं नशीब सॅटेलाइटला पण लागलं.

कार्बन मॅपर मात्र लई आवडलं. ऑगस्ट २०२४ ला सोडलेला टॅनेजर-१ उपग्रह बारीक बघतो, ठिपका ३० मीटरच्या आसपास. अमेरिकेतल्या पर्मियन या तेल-गॅसच्या भागात झूम केलं की एकेका ठिकाणावरून निघालेलं गॅसचं शेपूट दिसतं, क्लिक केलं की तासाला किती किलो ते येतं, पुढं अधिक-उणे पण असतं कारण हिशोबात वाऱ्याचा वेग धरावा लागतो अन वारा काय कुणाच्या बापाचा नाही. स्पेस स्टेशनवरचं नासाचं एमिट यंत्र खरं तर धुळीतली खनिजं बघायला पाठवलेलं, त्यानं तुर्कमेनिस्तानात हझार नावाच्या गावाजवळ १२ शेपटं पकडली, मिळून तासाला ५०,४०० किलो. घरच्या १४.२ किलोच्या सिलेंडरनं भागून बघितलं, वजनानं तासाला साडेतीन हजार सिलेंडर! बायको म्हणली, अन आपण बुकिंग करून वाट बघायलोय.

एक मात्र ध्यानात ठेवा, नकाशावर ठिपका नाही म्हणजे गळती नाही असं नसतंय. त्या दिवशी तिकडं बघितलंच नसलं तर दिसणार कुठून? भावानं त्याच्या फील्डवर काहीच नाही बघून लगेच कॉलर ताठ केली, त्याला हेच सांगितलं तर फोनच ठेवला.

कोपर्निकसला पाचपैकी तीन, मोठा भाग रोज बघायचा असला तर तेच बरं. कार्बन मॅपरला साडेचार, अर्धा कापला कारण मोबाइलवर नकाशा बोटानं सरकवायचा म्हणजे कटकट. आमच्या गोबरगॅसच्या नळीला मात्र अजून साबणाचा फेसच लावतो, तेवढी गळती वरून कुणालाच दिसत नाही.