एफएसएलमधलं ‘रँडमाइज’: वयाचा हिशेब धरून दोन गटांची तुलना

ऑक्सफर्डच्या एफएसएल या मेंदू-प्रतिमा विश्लेषणाच्या पॅकेजमधलं रँडमाइज हे साधन मेंदूच्या प्रतिमांची व्हॉक्सेलनिहाय (प्रतिमेच्या एकेका घनाकार ठिपक्यात) गटतुलना करतं आणि पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही इतका फरक दिसण्याची शक्यता) पर्म्युटेशनने, म्हणजे डेटा पुन्हापुन्हा ढवळून काढतं. गणितात नाव ठेवायला जागा कमी. डिझाइनमध्ये (कोण कोणत्या गटात, कुणाचं वय किती हे सांगणाऱ्या तक्त्यात) वय, लिंग असे कोव्हेरिएट, म्हणजे हिशेबात धरायचे इतर घटक असतील तर ते फ्रीडमन-लेन पद्धत वापरतं: आधी फक्त कोव्हेरिएटचं मॉडेल बसवायचं, उरलेले रेसिड्युअल (त्या मॉडेलने न समजावलेला भाग) ढवळायचे, त्यांत कोव्हेरिएटचा वाटा परत मिळवायचा आणि मग पूर्ण मॉडेल बसवायचं. डेटा सरळ ढवळला असता तर वयाचा परिणामही विस्कटला असता. तक्रार आहे ती डिझाइन भरायच्या ‘जीएलएम’ खिडकीबद्दल. चुकीचे आकडेही ती निमूट घेते.

दोन गट आणि वय यांना तीन ईव्ही (डिझाइनचे रकाने) पुरतात: पहिला रुग्णांसाठी १, दुसरा निरोगींसाठी १, तिसरा वय. कॉन्ट्रास्ट (कशातून काय वजा करायचं हे रकान्यांच्या क्रमाने सांगणारे आकडे) ‘१ -१ ०’ आणि ‘-१ १ ०’. दोन्ही द्यावे लागतात, कारण टी-चाचणी एकतर्फी आहे. दोन्ही दिशा तपासणार असाल तर कॉन्ट्रास्टमागे पी-व्हॅल्यूची मर्यादा ०.०२५ ठेवा. खिडकीतल्या ‘ग्रुप’ रकान्यात सगळ्यांना १ च लिहा. तिथे १ आणि २ भरून ती फाइल अदलाबदलीचे ब्लॉक (ज्यांच्या आतच ढवळायचं असे संच) म्हणून दिली, तर ढवळणं गटाच्या आतच होतं आणि तुलनेला अर्थ उरत नाही.

खरा घोळ होतो तो सरासरी वजा करण्यात. वयाचा उतार (वयागणिक होणारा बदल) दोन्ही गटांना एकच धरला असेल, तर सगळ्यांच्या वयातून एकच आकडा वजा केल्याने ‘१ -१ ०’ चं उत्तर तसूभरही बदलत नाही. त्याची धास्ती उगाच. पण प्रत्येक गटाची सरासरी वेगळी काढून वजा केली की चित्र पालटतं. समजा रुग्णांचं सरासरी वय ६२ आणि निरोगींचं ५४. गटनिहाय वजाबाकीनंतर हा ८ वर्षांचा फरक डिझाइनमधून गायबच होतो, म्हणजे तुलना वयासाठी दुरुस्त होत नाही, आणि शोधनिबंधात मात्र ‘वय नियंत्रित’ असं छापून येतं. दोन गटांना वेगळे उतार हवे असतील (चार ईव्ही, कॉन्ट्रास्ट ‘० ० १ -१’), तर आधी सर्वांची मिळून सरासरी वजा करायची आणि नंतर दुसऱ्या गटाच्या जागी शून्यं भरायची. ते न केल्यास ‘१ -१ ० ०’ हा फरक शून्य वर्षं वयाला मोजला जातो.

दुसरी खोड क्रमाची. डिझाइनमधल्या ओळी सगळ्यांच्या प्रतिमा जोडून केलेल्या चारमितीय फाइलमधल्या क्रमाशीच जुळायला हव्यात, आणि फाइली नावाच्या वर्णक्रमाने जोडल्या की ‘एस१०’ हा ‘एस२’ च्या आधी येतो. वयं एकमेकांच्या नावावर जातात. कुठलीही चूक दाखवली जात नाही. नावं ००१, ००२ अशी ठेवा.

पर्म्युटेशन ५००० ठेवा, ०.०५ भोवती अनिश्चितता सुमारे ±०.००६२ राहते. टीएफसीई (शेजारच्या व्हॉक्सेलांचा आधार असलेला संकेत ठळक करणारी पद्धत) लावावं, टीबीएसएसच्या (मेंदूतल्या श्वेतद्रव्याच्या तुलनेची एफएसएलची पद्धत) सांगाड्यासाठी त्याचा टी२ पर्याय. निकालाच्या ‘कॉरपी’ (दुरुस्त केलेल्या पी-व्हॅल्यूच्या) प्रतिमेत १ वजा पी असतं, त्यामुळे उंबरठा ०.९५ (दोन्ही दिशांना ०.९७५). नवखे ०.०५ लावतात आणि अख्खा मेंदू उजळलेला पाहून हरखतात.

डोक्याच्या आकाराचं काय? एफएसएल-व्हीबीएममध्ये (करड्या द्रव्याच्या तुलनेची पद्धत) मॉड्युलेशन, म्हणजे प्रतिमा साच्यावर बसवताना झालेल्या ताणाची भरपाई, फक्त नॉन-लिनिअर भागाचं असतं, म्हणून आकार तिथेच हिशेबात आलेला असतो. पुन्हा कोव्हेरिएट म्हणून घालायची गरज नाही. इतर पाइपलाइनसाठी हे गृहीत धरू नका. स्कॅनर अनेक असतील तर एक कमी इतके रकाने वाढवा. मात्र सगळे रुग्ण एका यंत्रावर आणि सगळे निरोगी दुसऱ्यावर असतील तर कोणताही रकाना वाचवणार नाही. ज्या वयात फक्त रुग्णच आहेत तिथल्या ‘दुरुस्ती’लाही हेच लागू: तो नुसता रेघ ओढून केलेला अंदाज.

एफएसएल बिगर-व्यावसायिक वापराला फुकट, विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) लागतं. कुटुंबांतले किंवा पुन्हापुन्हा तपासलेले लोक असतील, म्हणजे अदलाबदलीचे ब्लॉक गुंतागुंतीचे असतील, तर मॅटलॅब किंवा ऑक्टेव्हवर चालणारं पाम हे पर्म्युटेशनचंच दुसरं साधन अधिक मोकळीक देतं. साध्या दोन गटांना मात्र रँडमाइज पुरेसं आहे, फक्त चालवण्याआधी डिझाइन फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून ओळीओळीने वाचा.