स्टारड्यू व्हॅली: अख्खा पावसाळा खेळून झाल्यावर

आंबा संपत आला की आमच्या देवगड तालुक्यात हातात थोडे पैसे असतात आणि पुढे चार महिने बाहेर पडायची सोय नसते. मे महिन्याच्या शेवटी स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम घेतला, पाचशे रुपयांच्या आत. गणपती होऊन गेले, नवरात्र आलं, अजून खेळतोय. त्याच काळात पुतण्या फोनवर एक फुकटातला लढाईचा मल्टिप्लेअर गेम खेळत होता आणि अधूनमधून मीही त्याच्या टीममध्ये असायचो. दोन्ही शेजारी शेजारी बघून माझं मत पक्कं झालंय: गेम घेताना तो पैसे कसे कमावतो हे आधी बघा, ग्राफिक्स नंतर.

आधी गेमबद्दल. आजोबांची ओसाड पडलेली शेती तुमच्याकडे येते, ती साफ करून पिकं घ्यायची. पाऊस पडला की झाडांना पाणी घालावं लागत नाही, सगळा दिवस मोकळा मिळतो. नदीतला कॅटफिशही पावसातच गळाला लागतो. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला व्हाळावर धावणाऱ्या माणसाला यातली मजा वेगळी सांगायला नको. मासेमारीला मात्र हात बसायला वेळ लागतो. हिरवी पट्टी माशाच्या मागेमागे वर-खाली न्यायची असते. बटण दाबून धरलं की पट्टी वर चढते, सोडलं की खाली घसरते. घाईघाईने दाबत राहिलात तर मासा सुटलाच.

उणीव एकच, पण आपल्याकडे ती मोठी आहे. कॉम्प्युटरवर गेम सेव्ह होतो तो खेळातला माणूस झोपला की. खेळातला एक दिवस साधारण १४ मिनिटांचा. मध्येच लाईट गेली की त्या दिवसाची सगळी मेहनत गेली. त्यामुळे बॅटरी धड असलेल्या लॅपटॉपवरच खेळा, नाहीतर इन्व्हर्टर हवा. नेटची मात्र काळजी नाही. गेम जेमतेम ५०० एमबीचा आहे, सड्यावर रेंज मिळते तिथे बसून उतरवून घेतला. स्टीम ऑफलाइन मोडवर टाकलं, आणि जुलैत दोन-दोन दिवस रेंज नसतानाही काही अडलं नाही.

पुतण्याचं नेमकं इथेच अडलं. आंबा काढणीच्या कामातून मिळालेल्या पैशांतून त्याने त्या फुकटातल्या गेमच्या चालू सीझनचा, म्हणजे ठरावीक काळाच्या पर्वाचा, पास घेतला होता. पास म्हणजे काय, तर पैसे भरायचे आणि रोज खेळून एकेक पायरी चढत बक्षिसं मिळवायची, तीही ठरलेल्या तारखेच्या आत. जूनमध्ये वारं सुटलं, झाडं पडली, नेट गेलं. “काकानू, परत नेट गेला!” हे रोजचं झालं. तारीख उलटली आणि वरच्या पायऱ्यांवरची बक्षिसं राहूनच गेली. शिवाय त्या गेममधली नाणी ठरावीक गठ्ठ्यांतच विकत मिळतात आणि वस्तूंच्या किमती त्या गठ्ठ्यांशी जुळत नाहीत. थोडी नाणी कायम उरतात, ती वापरायची तर पुढचा गठ्ठा घ्यायचा. पोराच्या मेहनतीचे पैसे असे अडकलेले बघून मला फार वाईट वाटलं.

अशा गेमला सर्व्हर, म्हणजे सगळ्यांना जोडून ठेवणारे कंपनीचे कॉम्प्युटर लागतात आणि त्यांना दर महिन्याला खर्च येतो हे मान्य. बहुतेक लोक एक रुपयाही देत नाहीत, सगळा भार थोड्या खर्च करणाऱ्यांवर पडतो. मग त्यांना रोज परत आणण्यासाठी सीझन, तारखा, खेळातल्या माणसाचे ठरावीक काळच मिळणारे कपडे हे सगळं रचावं लागतं. गेम फुकट ठेवायचा म्हटला की हे ओघाने येतं.

स्टारड्यूचं गणित अगदी वेगळं आहे. एरिक बॅरोन या एकाच माणसाने सुमारे साडेचार वर्षं खपून कोड, चित्रं, संगीत सगळं स्वतः केलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये गेम आणला. स्टीम विक्रीतला ३० टक्के हिस्सा घेतं, खप फार मोठा झाला तर तो २५ आणि पुढे २० टक्क्यांवर येतो. २०२४ च्या अखेरीपर्यंत सगळीकडच्या मिळून ४ कोटी १० लाखांहून जास्त प्रती खपल्या. तेवढ्या वर्षांत मोठमोठी अपडेट आली, मार्च २०२४ चं १.६ क्रमांकाचं तर भलंमोठं, पण एकाचेही पैसे घेतले नाहीत. पुढेही कधी घेणार नाही, असं त्याने जाहीर सांगितलंय. प्रत्येक अपडेटची चर्चा होते, नवे लोक गेम विकत घेतात, जुन्यांच्या खिशाला हात लावावा लागत नाही. हे मला मनापासून पटतं.

सिंगल प्लेअर, म्हणजे एकट्याने खेळायचा गेम म्हटलं की सगळं सुरक्षित, असंही नाही. युबिसॉफ्ट कंपनीच्या ‘द क्रू’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये एकट्याने खेळायचा भागसुद्धा नेटशिवाय चालत नसे. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि विकत घेतलेला गेम लोकांना उघडेना. गेमच्या विक्रीच्या पानावर ‘इंटरनेट आवश्यक’ लिहिलंय का, ते पैसे भरण्याआधी वाचा.

सोबतीची गरज मात्र खरी असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या, पोरं घरी. रेंज असते तेव्हा डोंबिवलीच्या भावंडांशी बोलत बोलत खेळण्यात जी मजा आहे, ती एकट्याच्या शेतीत नाही. पण स्टारड्यूमध्ये २०२० च्या अखेरीपासून एकाच पडद्यावर मिळून खेळता येतं. गणपतीत चाकरमानी आले, आरत्या-भजनं आटोपली की लॅपटॉप टीव्हीला जोडायचा आणि एकच शेत सगळ्यांनी मिळून करायचं. पैसा सामायिक, त्यामुळे कोंबड्या घ्यायच्या की बियाणं यावर मध्यरात्रीपर्यंत भांडणं. नेट कुणाला आठवलंही नाही.

फोनवरही हा गेम मिळतो, पण तो वेगळा विकत घ्यावा लागतो. एकत्र खेळायचं असेल तर कॉम्प्युटरचाच घ्या, सोबत एक कंट्रोलर लागेल. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात, तेव्हा त्या दोन तासांत गळ टाकून बघाच.