अहिराणी गाण्यांचा शनिवार: साडेसातला पोचा, पत्र्याखाली बसू नका

जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा-एरंडोल पट्ट्यातल्या ढाब्यांवर आणि परमिट रूमच्या अंगणात दर शनिवारी बसणारा हा अहिराणी, म्हणजे खानदेशी बोलीतल्या गाण्यांचा संच ऐकण्यासारखा आहे, पण अर्धाच. तो अर्धा भाग म्हणजे साडेसात ते पावणेनऊ. त्यानंतर टेबलं भरतात, फर्माइशी सुरू होतात, कीबोर्डवाला ऑक्टोपॅडचा ठेका लावतो आणि मग लग्नाच्या वरातीत नि इथे फरक उरत नाही. ठेका वाईट नसतो, पण त्यासाठी पेट्रोल जाळून कशाला यायचं?

माणसं पाच. संबळ, डफ, पावरी (भोपळा-बांबूचं फुंकवाद्य), कीबोर्ड आणि मुख्य गायक. झील धरायला वाजवणारेच. सुरुवात वहीने, म्हणजे डफावरच्या पारंपरिक लोकगाण्याने होते आणि तीच या कार्यक्रमाची खरी कमाई. एकजण ओळ टाकतो, बाकीचे उचलतात, डफ हळूहळू चढत जातो. एक वही वीस-पंचवीस मिनिटं सहज चालते. एवढ्या वेळात वेटर तुमच्याकडे फिरकत नाही, भाकरीही येत नाही, म्हणून शेवभाजी वही सुरू व्हायच्या आधी मागवू नका. शेव रश्श्यात पडली की दहा मिनिटांत तिचा लगदा होतो. आधी पापड-कांदा घ्या, भाजी वही संपल्यावर. हिवाळ्यात भरीत-पुरी मागवली तर ही अडचण नाही, भरीत थांबतं.

संबळवाला तयारीचा आहे. लहान भांड्यावरचे बोल सुटे, मोठ्या भांड्यावर वाकड्या काठीची घासही नेमकी. पावसाळ्यात मात्र चामडं ओल धरतं, आवाज बसतो, टणत्कार जाऊन नुसती थप-थप राहते. म्हणून मध्येच तो उठून भट्टीजवळ जातो. संबळ तोंड आगीकडे करून हातभर लांब धरायची, फिरवत राहायची, बोटाने टिचकी मारून बघायची. फार जवळ नेली तर चामडं कडेला तडकतं. डफ शेकायला दोन-तीन मिनिटं पुरतात, संबळीला जास्त. या वेळात गायक गप्पा मारतो. लोक कंटाळतात, पण न शेकलेली संबळ ऐकण्यापेक्षा ते परवडलं.

पावरीची तऱ्हा उलटी. भोपळा आणि बांबूच्या नळ्या मेणाने जोडलेल्या असतात. वैशाखात मेण मऊ पडतं, सांध्यातून हवा निसटते आणि सूर फाटका येतो. शिवाय फुंकून फुंकून नळ्या तापल्या की सूर थोडा वर सरकतो. पावरीची मूळ पट्टी बदलता येत नाही, कीबोर्डनेच तिच्याशी जुळवून घ्यायचं असतं. कीबोर्डवाला दुसऱ्या गाण्यानंतर हे विसरतो. साडेआठच्या सुमारास कानाला जे काहीतरी खुपतं ना, ते हेच.

भाषेचीही एक तक्रार आहे. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो: डोळा नाही, डोया; काळा नाही, काया. अमळनेर-पारोळ्याकडे गायक तसंच गातो. जळगाव शहराजवळच्या हॉटेलात मात्र समोरच्यांना कळावं म्हणून ‘डोळा’ म्हणतो आणि मागच्या ओळीतल्या ‘माया’शी जुळलेलं यमक मोडून ठेवतो. भुसावळ-यावलकडच्या लेवा बोलीतही ‘डोया’च म्हणतात, तेव्हा कळणार नाही ही भीती नेमकी कोणासाठी, हे समजत नाही. पश्चिमेकडचा ढाबा निवडावा, तिथे मागून हाक येते, “आखो एक व्हऊ द्या, भाऊ!” आणि गायकही खुलतो.

बसायचं कुठे? पत्र्याच्या शेडखाली अजिबात नको. डफाचा आवाज पत्र्यावर आपटून परत येतो, शब्द एकमेकांत मिसळतात, आणि पाऊस आला तर काहीच ऐकू येत नाही. एसी फॅमिली हॉलमध्ये तर फक्त ढब-ढब पोचते. अंगणातली बाज किंवा स्पीकरच्या रेषेपासून बाजूला, वादकांपासून पंधरा-वीस फुटांवरचं टेबल उत्तम. गायकाचा माइक स्पीकरच्या पुढे आला की शिट्टी वाजते. बहुतेक ढाब्यांवर स्पीकर मागच्या भिंतीला टांगलेले असल्याने ती वाजतेच. मालकाला सांगून स्पीकर वादकांच्या पुढे ठेवायला लावले तर निम्मा त्रास जातो. संबळीला माइक लागतच नाही, तरी लावतात.

गाण्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. फर्माइशीला ताटात नोट टाकायची पद्धत आहे. आखाजीची (अक्षय तृतीयेची) झोक्याची गाणी मागितली तर लगेच गातात. कानबाईची मागू नका. ती देवीपुढची गाणी आहेत, दारूच्या टेबलापुढे म्हणायला हा गायक नकार देतो, आणि बरोबरच करतो.

दहा वाजता सगळं बंद. मोकळ्या जागेत रात्री 10 ते सकाळी 6 स्पीकरच काय, वाद्य वाजवायलाही मनाई असल्याने ‘माइक बंद करून एक म्हणा’ हा आग्रह चालत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. त्याच्या आदल्या शनिवारी संच येत नाही, घरोघरी नैवेद्याच्या रोटांची तयारी असते. लग्नसराईतही आधी फोन करून विचारा, सुपारी मिळाली की ढाबा रिकामा.