दोन फुटी की चार फुटी? मुंबईच्या घरातला पहिला रीफ टँक

मावसभावाचा फोन आला. लालबागला घर, हॉल दहा बाय बारा, आणि डोक्यात रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि समुद्री मासे ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, शिरलेला. "दादा, दोन फुटी घेऊ की चार फुटी?" मी विचारलं, "गणपतीत गावाला किती दिवस जातोस?" त्याला वाटलं, मी विषय बदलतोय.

माझा पहिला टँक दोन फुटी होता. 2 बाय 1, उंची सव्वा फूट, काठोकाठ 70 लिटर. दोन क्लाउन मासे, एक क्लीनर श्रिंप (छोटी कोळंबी), दगडावर थोडे झोअँथिड आणि मशरूम, हे दोन्ही कोरलसारखे मऊ जीव. पाच दिवस गावाला जाताना शेजारच्या मुलाला खाण्याची डबी दिली आणि सांगितलं, रोज चिमूटभर टाक. पोरगं मनाने उदार. परत आलो तर दारातच वास आला, शिळ्या कोळंबीसारखा. पाणी पातळ ताकाच्या रंगाचं. श्रिंप दगडाखाली आडवी, एक क्लाउन दिसेना, दुसरा वरच्या कोपऱ्यात तोंड उघडं टाकून श्वास घेत होता. संध्याकाळपर्यंत तोही गेला. न खाल्लेलं अन्न कुजलं, अमोनिया वाढला, आणि कुजवणाऱ्या बॅक्टेरियांनी पाण्यातला ऑक्सिजन संपवला. खाऱ्या पाण्याचा पीएच 8.1 ते 8.3 असतो. तेवढ्या पीएचला अमोनिया गोड्या पाण्यातल्या टँकपेक्षा जास्त जहाल ठरतो.

तेवढंच खाणं 4 बाय दीड बाय दीडच्या टँकमध्ये, म्हणजे 255 लिटरमध्ये पडलं असतं तर अमोनियाचं प्रमाण साडेतीन पटींनी कमी राहिलं असतं. मासे वाचलेच असते असं नाही, पण मी परत येईपर्यंत तग धरण्याची शक्यता बरीच होती. चार फुटीचं खरं बळ हेच. जास्त मासे मावतात हा तिचा गुण धरू नका. तिथूनच पुढची गडबड सुरू होते.

बाष्पीभवनाचं गणित

"मोठा टँक स्थिर असतो" हे सगळे सांगतात. मीही सांगायचो. मग एकदा कागद घेऊन बसलो. पाणी उडतं ते पृष्ठभागावरून, मीठ मागे राहतं. पंखा लावलेल्या माझ्या दोन फुटीतून दिवसाला साधारण दीड लिटर जायचं. चार फुटीचा पृष्ठभाग तिप्पट, म्हणजे साडेचार लिटर. पाच दिवस कोणी पाणी घातलं नाही तर 35 ची सॅलिनिटी (किलोभर पाण्यात किती ग्रॅम मीठ) छोट्यात 39 पर्यंत जाते आणि मोठ्यात 38 पर्यंत. फरक नावापुरता. टँक लांब-रुंद झाल्याने इथे काही वाचत नाही, खोली वाढली तरच थोडा फायदा. तेव्हा ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारा पंप, दोन्हीला हवा, आणि त्याच्या डब्यात साधं आरओ पाणी.

साधं पाणी, हे मुद्दाम लिहितोय. पहिल्या महिन्यात मी कमी झालेलं पाणी भरायला मीठ कालवलेलंच पाणी घालत होतो. समुद्राचा टँक, मग समुद्राचं पाणी, एवढं सरळ डोकं. रोज दीड लिटर या हिशेबाने दहा दिवसांत सॅलिनिटी 42 च्या वर जाते. गोगलगायी आधी गेल्या, मग पहिली श्रिंप. मासे मात्र पोहत होते, त्यामुळे मी निवांत. खारटपणा मोजायच्या हायड्रोमीटरचा काटाही बुडबुडे चिकटून चुकीचं दाखवत होता. त्याऐवजी प्रकाशावर खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो 35 पीपीटीच्या (म्हणजे 35 सॅलिनिटीच्या) द्रावणावर जुळवून घ्या. विशिष्ट गुरुत्व 25 अंशांना 1.026 च्या आसपास असावं.

उकाडा

मुंबईत निर्णय फिरवणारी गोष्ट ही. रीफला 25-26 अंश लागतात. मे महिन्यात खोलीच 33 वर, त्यात दिवा आणि पंप आणखी एक-दोन अंश चढवतात. छोटा टँक पटकन तापतो, मोठा सावकाश तापतो. पण दिवसरात्र उकाडा असला की शेवटी दोघेही तिथेच पोचतात. पंखा पाणी उडवून थंडावा देतो. हवा कोरडी असेल तेव्हा दोन-तीन अंश उतरतात, पण जूनमध्ये हवाच ओली झाली की पंख्याचा काही उपयोग होत नाही. मग चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र. दोन फुटीला छोटा पुरतो, पण त्याची किंमत बहुधा टँकपेक्षा जास्त. चार फुटीला दणकट लागतो, आणि तो पाण्यातली उष्णता तुमच्याच हॉलमध्ये सोडतो. दहा बाय बाराच्या खोलीत, खिडकी एकच असेल तर, हे घरच्यांना आधी सांगा. विजेचं बिल आल्यावर सांगू नका.

वीज गेली तर? 12 ऑक्टोबर 2020 ला ग्रिड पडलं आणि अख्खी मुंबई कित्येक तास अंधारात राहिली. गरम खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी मावतो. बॅटरीवरचा एअर पंप दोन्ही टँकसाठी घेऊन ठेवा, स्वस्त असतो.

पाणी आणि वजन

दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं. छोट्याला सात लिटर, एक बादलीही नाही. मोठ्याला पंचवीस लिटर. लिटरला साधारण 38 ग्रॅम मिक्स मीठ, म्हणजे जवळपास एक किलो, दर आठवड्याला. स्वयंपाकघरातल्या आरओवर भिस्त ठेवू नका. त्यात बहुधा टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी मिसळतो. माझ्याकडे मीटर 40 दाखवायचा. हवं शून्य, त्यासाठी उरलेले क्षार काढणारं डीआय कार्ट्रिज जोडावं लागतं. आरओ जे पाणी बाहेर टाकतो त्यावर आमच्या आईची फरशी पुसून होते, म्हणून माझा छंद घरात खपून गेला. आणि समुद्र जवळ आहे म्हणून दादर चौपाटीवर कॅन घेऊन जाऊ नका. शहराचं सांडपाणी त्यात आहे, आणि पावसाळ्यात किनाऱ्याचा खारटपणाही उतरतो.

वजनाचं थोडक्यात: 255 लिटर पाणी, दगड, काच, स्टँड मिळून चारशे किलोच्या घरात. जुनी इमारत असेल तर बीमच्या भिंतीला लावून ठेवायचं, आणि आधी जाणकाराला दाखवायचं. दोन फुटी भक्कम टेबलावर बसते.

मासे

नव्या टँकमध्ये अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वसतात त्याला सायकल म्हणतात; तिला दोन्हीकडे तेवढाच वेळ लागतो, ड्राय रॉकवर (कोरड्या दगडांवर) चार ते सहा आठवडे. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, तोपर्यंत मासा नाही. सायकल करायला म्हणून डॅमसेल मासे टाकू नका. ते वाचतात आणि पुढे वर्षभर नव्या माशांना झोडपतात.

दोन फुटी स्वतःच मर्यादा घालते: क्लाउनची जोडी आणि फार तर एक गोबी. चार फुटीत पाच-सहा छोटे मासे राहतात, पण रिकामा मोठा टँक बघवत नाही. माणूस एका रविवारी कुर्ल्याला जातो आणि सहा पिशव्या घेऊन येतो. बॅक्टेरिया एवढ्या वेगाने वाढत नाहीत. शिवाय एका पिशवीतून पांढरे ठिपके आले, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी, की चार फुटीत मासा धरायला सगळे दगड उपसावे लागतात. औषध तांब्याचं, आणि तांबं श्रिंप आणि कोरल दोघांनाही मारतं. मग मासे वेगळे काढून टँक अडीच महिने बिनमाशांचा ठेवायचा. छोट्या टँकमध्ये माझे जीव गेले, पण दोन-चारच. मोठ्यात एका आठवड्यात सगळेच गेलेले मी मित्राच्या घरी बघितलेत.

डोरी, म्हणजे ब्ल्यू टँग, तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो, दोन्हीत नको. मँडरिन मासा रंगाला भुलून घेतला तर उपाशी मरतो. त्याला दगडावरचे कोपेपॉड, म्हणजे बारीक कवचधारी जीव, लागतात, ते नव्या टँकमध्ये नसतात. अ‍ॅनिमोनीला म्हणजे समुद्रफुलाला निदान सहा-आठ महिने थांबा. ती फिरते, पाणी हलवणाऱ्या वेव्हमेकर पंपाच्या जाळीत अडकून फाटते, आणि सगळं पाणी नासवून जाते.

कोरलचं पाहायचं तर कठीण कोरल आणि समुद्रघोडा 2001 पासून वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. दुकानात दिसला म्हणून तो कायदेशीर होत नाही. मशरूम, लेदर (हेही मऊ कोरल), झोअँथिड यांवर पहिलं वर्ष छान जातं. झोअँथिड कापताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि तो दगड कधीही उकळू नका. काहींमधलं पॅलिटॉक्सिन हे विष वाफेतूनही माणसाला दवाखान्यात पोचवतं.

माझं मत विचाराल तर, चिलरची आणि दर आठवड्याच्या पंचवीस लिटरची तयारी असेल तर चार फुटी. नसेल तर दोन फुटी, फक्त दोन क्लाउन, आणि ऑटो टॉप-ऑफ नक्की. बिनचिलरची चार फुटी मात्र घेऊ नका, ती दोन्हीपेक्षा वाईट.

मावसभावाने हॉलमध्ये टेप लावून जागा मोजलीय, इमारतीच्या इंजिनिअरची वाट बघतोय. माझी जुनी दोन फुटी तो परवा घेऊन गेला, नवे मासे महिनाभर वेगळे ठेवायला. जाताना आईकडून गोळ्यांचा सात खणांचा रिकामा डबाही मागून नेला. गणपतीत प्रत्येक खणात एकेका दिवसाचं खाणं मोजून भरणार आहे, आणि खाण्याची मोठी डबी कुलपात.