दाढेत जीआयसी की कंपोझिट, पुढच्या दाताला बाँडिंग की व्हेनियर

कीड काढायची ठरली की डॉक्टर विचारतात, "साधं सिमेंट भरू की लाइटवालं?" फरक रंगाचा आणि पैशांचाच असणार असं धरून बहुतेक जण उत्तर देऊन मोकळे होतात. पण आधी बघायचं ते एवढंच, की भरताना ती जागा कोरडी राहील का आणि चावताना तिच्यावर किती जोर येईल.

लाइटवालं म्हणजे कंपोझिट, रेझिन आणि काचेच्या बारीक पुडीचं मिश्रण. ते दाताला आपणहून चिकटत नाही. त्यासाठी साधारण ३७ टक्के फॉस्फरिक ॲसिडची जेल इनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कडक कवचावर, १५ ते ३० सेकंद आणि आतल्या डेंटिनवर फार तर १५ सेकंद ठेवून धुतात. वाळवल्यावर इनॅमल खडूसारखं पांढरं दिसलं पाहिजे. मग बाँड, म्हणजे चिकटवणारा द्रव, लावून त्यावर निळा प्रकाश टाकतात आणि पुढे कंपोझिटचे सुमारे २ मिलिमीटरचे थर देत जातात, प्रत्येक थराला साधारण २० सेकंद प्रकाश. घाईत जाड थर दिला तर तळाला प्रकाश पोचत नाही आणि तिथे माल कच्चा राहतो. शिवाय घट्ट होताना कंपोझिट थोडं आकसतं. थर मोठा असेल तर हा ताण कडेवर येतो, तिथे बारीक फट पडते, गार पाण्याने कळ येते आणि पुढे त्याच फटीतून पुन्हा कीड शिरते. बल्क-फिल प्रकारचं कंपोझिट ४ मिलिमीटरपर्यंत चालतं, पण सगळ्यांकडे तेच असेल असं नाही.

ॲसिड लावून तयार केलेल्या जागी लाळ किंवा रक्त लागलं की चिकटणं बिघडतं. म्हणून "रबर डॅम (दात कोरडा ठेवायला त्याभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा) लावणार का?" हे विचारायला लाजू नये. आदल्या वेळी लवंगेच्या वासाचं तात्पुरतं सिमेंट भरलं असेल, तर तेही सांगावं. त्यातलं युजेनॉल कंपोझिटला नीट घट्ट होऊ देत नाही.

जीआयसीचं, म्हणजे त्या साध्या ग्लास आयोनोमर सिमेंटचं, गणित वेगळं. पावडर आणि लिक्विड कालवून भरतात, ते दाताला रासायनिकरीत्या धरतं आणि फ्लोराइड सोडत राहतं. थोडा ओलावा चालवून घेतं. मात्र चावण्याच्या पृष्ठभागावर ते झिजतं, कडा तुटतात. मिश्री घासून किंवा ब्रश आडवा रगडून हिरडीलगत दाताला खाच पडते, तिथे किंवा दुधाच्या दातात जीआयसी शहाणपणाचं. मोठ्या माणसाच्या दाढेत, दोन दाढांच्या मधल्या किडीत ते कायमचं म्हणून भरून घेऊ नये. भरल्यावर वर व्हार्निश किंवा व्हॅसलीन लावतात, कारण पहिल्या काही तासांत पाणी लागणं आणि सुकणं, दोन्हींनी ते खराब होतं. त्या दिवशी त्या बाजूने कडक काही चावू नये.

चांदी, म्हणजे अमालगम, ओलाव्याला सगळ्यांत कमी घाबरते आणि टिकतेही. पण ती दाताला चिकटत नाही. अडकून राहावी म्हणून चांगला दातही कोरावा लागतो. तिच्यात जवळपास निम्मा पारा असतो. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून तिचा वापर, अपवाद वगळता, बंद केला. तरी तोंडातली जुनी चांदी धड असेल तर केवळ रंगासाठी उकरू नये. उकरतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते.

दाढेचा एखादा कंगोराच तुटून गेला असेल तर या तिन्हींचा नाद सोडून ऑनले (दाढेचा तुटलेला भाग झाकणारा, बाहेर बनवून चिकटवायचा तुकडा) किंवा कॅपचा विचार करावा.

पुढच्या दाताचा टवका उडालाय किंवा दोन दातांत फट आहे, तर तेच कंपोझिट बाँडिंग म्हणून वापरतात. बहुतेक वेळा दात घासावा लागत नाही किंवा नाममात्र लागतो आणि काम एका बैठकीत होतं. पोर्सिलेन व्हेनियर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायची पातळ पापडी. तिच्यासाठी सहसा ०.३ ते ०.७ मिलिमीटर इनॅमल कापतात. ते परत येत नाही, म्हणजे पुढे कायम व्हेनियर किंवा कॅप आलीच. व्हेनियरची चमक वर्षानुवर्षं टिकते. बाँडिंगवर मात्र चहा, हळद, तंबाखूचे डाग चढतात, काही वर्षांनी पॉलिश किंवा डागडुजी लागते. तुटलं तर तेवढाच तुकडा जोडता येतो. पोर्सिलेन फुटलं की बहुधा नवीनच करावं लागतं. म्हणून तरुण वयात, एक-दोन दातांसाठी, आमचं मत बाँडिंगच्या बाजूने. सहा-आठ दातांचा रंगच बदलायचा असेल तर व्हेनियरचा खर्च पटतो. रात्री दात खाण्याची सवय असेल तर दोन्ही तुटतील. आधी नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचं संरक्षक कव्हर, करून घ्यावा.

ब्लीचिंग, म्हणजे औषधाने दात पांढरे करणं, करायचं असेल तर ते बाँडिंगआधी. कंपोझिट ब्लीच होत नाही. आणि मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत. दातात उरलेला ऑक्सिजन बाँड धरू देत नाही आणि नवा रंगही स्थिरावायला वेळ लागतो. शेड, म्हणजे भरायच्या मालाची छटा, खुर्चीत बसताच, दात ओला असताना, खिडकीजवळच्या उजेडात ठरवावी. वाळलेला दात पांढरा दिसतो, त्यावर जुळवलेली शेड घरी गेल्यावर चुन्यासारखी उठून दिसते.

खुर्चीवरून उठण्याआधी दोन गोष्टी करून घ्याव्यात. भरलेल्या दाढेशेजारून फ्लॉस, म्हणजे दातांमधून फिरवायचा दोरा, घालायला सांगावं. तो 'टक्' न होता सैल गेला तर तिथे रोज अन्न अडकणार. आणि चावा तपासायचा निळा कागद चावताना एकाच जागी गडद ठिपका उमटला तर भरण उंच आहे, ते घासून घ्यावं. भूल असताना उंची कळत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी चावताना तीच दाढ आधी लागली किंवा दुखली, तर थांबू नये. पाच मिनिटांचं काम असतं.