‘लेट्स गो, ईवी’: कांतो तोच, पण सगळं कसं मांडून ठेवलेलं

आधीच सांगते, ‘पोकेमॉन: लेट्स गो, ईवी!’ मला आवडला. आणि गेले काही महिने तो खेळताना मी अधूनमधून त्याच्यावर सणसणीत चिडलेही. गंमत म्हणजे आवडण्याचं आणि चिडण्याचं कारण एकच आहे.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोकेमॉन म्हणजे बॉल फेकून पकडायचे आणि एकमेकांशी लढवायचे काल्पनिक प्राणी; ईवी त्यांतलीच एक. हा निन्टेन्डो स्विच या गेमच्या यंत्रावरचा गेम, नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेला. १९९८ साली जपानात निघालेल्या ‘पोकेमॉन यलो’ची ही नवी बांधणी. ‘लेट्स गो, पिकाचू!’ हे त्याचं जुळं भावंड. काही पोकेमॉन इकडे, काही तिकडे, बाकी सारखंच. प्रदेश तोच, कांतो. पॅलेट टाउनमधून निघायचं, आठ जिममधल्या म्होरक्यांना हरवून आठ बॅज मिळवायचे, मग इंडिगो प्लॅटोवरची शेवटची स्पर्धा, म्हणजे लीग.

आमच्या पिढीला कांतो आधी टीव्हीवर भेटला, तोही हिंदीतून, २००३ च्या सुमाराला. मग चिप्सच्या पुड्यातले टॅझो, म्हणजे चित्रांच्या गोल चकत्या, आणि त्यांवरून मधल्या सुट्टीतली मारामारी. गेमबॉय हे निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं जुनं यंत्र प्रत्यक्षात पाहिलेलं माझ्या ओळखीत कुणीच नव्हतं. मी खेळले ते मावसभावाच्या कॉम्प्युटरवर, एम्युलेटर (जुने गेम चालवणारा प्रोग्राम) टाकून, ‘फायररेड’ हा कांतोचाच जुना गेम. कीबोर्डवर झेड दाबलं की बोलायचं, एक्स दाबलं की मागे. अर्धं इंग्रजी डोक्यावरून जायचं. कुठे जायचं हे कुणी सांगत नसे, आणि कळलं नाही तर दोन-दोन दिवस एकाच गावात घिरट्या.

नव्या गेममध्ये पहिल्यांदा थांबून बघावंसं वाटलं ते विरिडियन फॉरेस्टमध्ये. जुन्या गेममध्ये जंगल म्हणजे गवताचे चौकोन. त्यात शिरलं की काही पावलांवर स्क्रीन चमकणार आणि कुणीतरी समोर येणार. कोण, ते नशिबावर. इथे सगळे दिसतात. गवतातून कॅटरपी सरपटत जातो, पिजी दोन उड्या मारून थांबतो, वीडल सरळ तुमच्या दिशेने येतो. नेहमीपेक्षा मोठा असेल तर अंगाभोवती लाल वलय, छोटा असेल तर निळं. या मालिकेचा जनक सातोशी ताजिरी टोकियोजवळच्या माचिदात वाढला, लहानपणी किडे पकडत हिंडायचा, आणि मूळ कल्पना तिथूनच आली. ते या जंगलात पहिल्यांदा मला खरोखर पटलं. हातात जाळी घेतलेली ती पोरं पूर्वी नुसती वाटेत आडवी यायची. आता ती तिथली वाटतात.

माउंट मूनचं तर विचारूच नका. जुन्या गेममध्ये तिथे दर चार पावलांवर झुबॅट. रिपेल, म्हणजे रानटी पोकेमॉन दूर ठेवणारे फवारे, संपले की माणूस रडकुंडीला यायचा. आता झुबॅट डोक्यावर फडफडताना दिसतो, आपण बाजूने निघून जायचं. इतक्या वर्षांचा सूड घेतल्याचं समाधान मिळालं. आणि कोपऱ्यात एखादी क्लेफेरी दिसली की पळत सुटायचं.

पण इथेच ती दुसरी बाजू सुरू होते. सगळं दिसतं, म्हणजे काहीच लपलेलं नाही. जुन्या कांतोची निम्मी जादू लपवाछपवीत होती. गवतात काय आहे माहीत नाही, गुहा अंधारी, व्हर्मिलियन गावाच्या बंदरात एक ट्रक उभा. आणि त्या ट्रकखाली म्यू हा दुर्मीळ पोकेमॉन आहे अशी अफवा जगभरच्या पोरांनी एकमेकांना सांगितलेली. ती आमच्यापर्यंतही आली होती, कशी ते देव जाणे. ट्रक नव्या गेममध्येही आहे. बघून बरं वाटलं, पण आता त्याच्याभोवती गोल फिरणार कोण? सगळं इंटरनेटवर आहे, आणि गेमचा स्वभावही ‘शोधा’ असं म्हणणाऱ्याचा राहिलेला नाही. हे म्हणजे आजीची माळ्यावरची ट्रंक कुणीतरी रिकामी करून, पुसून, लेबलं लावून कपाटात मांडल्यासारखं झालंय. वस्तू सगळ्या तिथेच आहेत.

याचा कळस म्हणजे पहिली जिम, ब्रॉकची. ‘फायररेड’मध्ये मी हौसेनं चारमँडर हा आगीचा पोकेमॉन घेतला होता आणि ब्रॉकच्या दगडांनी त्याला असा काही चेचला की मी मुकाट्याने मागे फिरून गवतात लेव्हल वाढवत बसले. नव्या गेममध्ये जिमच्या दारात एक माणूस उभा असतो. तुमच्याकडे पाण्याचा किंवा गवताचा पोकेमॉन आहे का? नसेल तर आत सोडत नाही. म्हणजे हरायचीसुद्धा मुभा नाही! लहान मुलांसाठी केलंय हे कळतं. तरी पहिल्यांदा त्याने मला अडवलं तेव्हा मी टीव्हीसमोर मोठ्यांदा ‘अरे जाऊ दे की!’ म्हणाले.

रायव्हलचंही, म्हणजे आपल्या प्रतिस्पर्ध्याचंही, तेच. जुना ब्लू कसला आगाऊ होता. नेमका नको तेव्हा टपकायचा, टोमणे मारायचा, त्याला हरवलं की दिवस चांगला जायचा. इथला ट्रेस हा शेजारचा गुणी मुलगा. औषधं देतो, कौतुक करतो, हरला तरी हसतो. त्याच्याशी लढताना आपल्यालाच अपराधी वाटतं. ब्लू आहे गेममध्ये, पण मोठा आणि समंजस झालेला. वयानं सगळेच मवाळ होतात, त्याला काय करणार.

काय काय गेलं, तेही सांगते. मासे पकडायचा गळ गेला. सायकल गेली. फ्युशिया गावात तिकीट काढून पोकेमॉन पकडायचं रान होतं, सफारी झोन; त्याच्या जागी ‘गो पार्क’ आलंय. फोनवरच्या ‘पोकेमॉन गो’मधून पकडलेले पोकेमॉन तिथे आणून सोडायचे. तुम्ही ‘गो’ खेळत असाल तर छान, नसाल तर रिकामं मैदान. सफारीतली ती पाचशेची एंट्री, मोजकी पावलं आणि वॉर्डनची हरवलेली सोन्याची कवळी या सगळ्याची मला अजून आठवण येते. आणि सर्वांत मोठा बदल: रानटी पोकेमॉनशी लढायचंच नाही. मोजके अपवाद सोडले तर नुसता बॉल फेकायचा. टीव्हीवर खेळताना हात झटकून फेकावा लागतो. पहिल्या दिवशी मजा, आठवड्यानंतर मनगट. स्विच हातात धरून खेळलात तर बटणावर काम भागतं. मी तसंच खेळते. प्रो कंट्रोलर चालत नाही, ध्यानात ठेवा.

तरी हे फेकणं जमायला लागलं की व्यसन लागतं. एकच जात सलग पकडत गेलं की साखळी वाढते आणि शायनी, म्हणजे वेगळ्या रंगाचा दुर्मीळ पोकेमॉन, मिळायची शक्यताही वाढते. एरवी ती ४०९६ मध्ये एक. शायनी समोर चमचमत उभा दिसतो, हा या गेमचा खरा उपकार. जुन्या दिवसांत असले काही असतात हे आम्हाला माहीतच नव्हतं.

लॅव्हेंडर टाउन या मेलेल्या पोकेमॉनच्या कबरींच्या गावाबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही. जुनी धून ऐकून रात्री पांघरूण डोक्यावर ओढणारी मी. नव्या वाद्यवृंदात ती सुंदर झालीय, पण भीती कमी झाली, उदासी वाढली. क्यूबोन हा छोटा पोकेमॉन आणि त्याची मेलेली आई यांचा प्रसंग मात्र पूर्वी चार ओळींत उरकला होता, इथे पुरेसा वेळ घेऊन दाखवलाय. माझा सात वर्षांचा भाचा शेजारी होता. तो काही बोलला नाही, फक्त त्याच्या हातातला जॉय-कॉन (स्विचचा छोटा कंट्रोलर) खाली ठेवला. तेवढ्यापुरता नवा गेम जुन्यापेक्षा वरचढ, हे मान्य.

हा भाचा म्हणजे माझा दुसरा खेळाडू. दुसरा जॉय-कॉन हलवला की तो स्क्रीनवर येतो, दोघांनी एकदम बॉल फेकला की पकडायची शक्यता वाढते. लढाईत मात्र समोरच्याचा एक आणि आपले दोन. दादागिरीच ती, आधीच सोपा गेम आणखी सोपा. पण सात वर्षांच्या मुलाला ईवीला टोपी घालायची असते, तिचे केस विंचरायचे असतात, आणि आर्केनाइनवर बसून गावभर हिंडायचं असतं. हिंदी-मराठीची सोय नाही, त्यामुळे सगळे संवाद मी मोठ्याने मराठीत वाचते. टीम रॉकेट या खलनायकांच्या टोळीतल्या जेसीला मी आमच्या सोसायटीच्या चेअरमनबाईंचा आवाज दिलाय. स्विच लाइट (जॉय-कॉन सुटे न होणारं मॉडेल) असेल तर जॉय-कॉन वेगळे घ्यावे लागतील, हे लक्षात असू द्या.

घ्यावा का? ‘फायररेड’ कोळून प्यायला असाल आणि आव्हान हवं असेल तर लीग जिंकेपर्यंत कंटाळाल. ‘फायररेड’मधली सेवी आयलंड्स ही जास्तीची बेटंही इथे नाहीत. घरात लहान मूल असेल, किंवा कांतो एकदा मोठ्या स्क्रीनवर बघायचा असेल, तर जरूर.

आणि लीगनंतर लगेच बंद करू नका. मग मास्टर ट्रेनर भेटतात, प्रत्येक जण एकाच जातीत पारंगत. त्यांतले सहा हरवले की इंडिगो प्लॅटोवर रेड उभा असतो. तोच, जुन्या गेममधला, ज्याच्या जागी एकेकाळी आपण होतो. एक शब्द बोलत नाही. त्याची टीम ऐंशीच्या पुढच्या लेव्हलची आहे, आणि तिथे दारात अडवून ‘हा पोकेमॉन आहे का’ विचारणारं कुणी नाही. माझी अख्खी टीम त्याने लोळवली आणि मी आनंदाने टाळ्या वाजवल्या. भाच्याला वाटलं मावशीला वेड लागलं. आता त्याच्याविरुद्ध स्टारमी न्यायची की नाही यावर आमची फोनवर रोज भांडणं चालतात. त्याचं म्हणणं, सहाही ठिकाणी स्नॉरलॅक्स घ्या.